ज्या पानावर आईचं नाव नव्हतं

नाव: केसरबाई भानुदास लोंढे. वय: एकोणचाळीस. धंदा: अंगणवाडी सेविका. शिक्षण: सातवी पास. राहणार: जळोची, ता. बारामती, जि. पुणे. जबाबाची तारीख: २१ डिसेंबर १९९९, मंगळवार.

आज सकाळी मी माझ्या पायांनी ठाण्यात आले आहे, मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. मी जे पाहिले, ऐकले आणि माझ्या मुलीने मला जे सांगितले तेवढेच सांगते, ते येणेप्रमाणे:

मी वरील पत्त्यावर पती भानुदास, चौदा वर्षांची मुलगी व धाकटा मुलगा सुमित यांच्यासह राहते. मालक का आले नाहीत, असे मला सुरुवातीलाच विचारण्यात आले. पती साखर कारखान्यात पाळीवर आहेत, गाळप चालू आहे, त्यांना रजा नाही. शिवाय तक्रार माझी आहे आणि ती सांगायला एक तोंड पुरते. हे वाक्य जबाबात नको असे हवालदारसाहेब म्हणाले. मी ते लिहायला लावले आहे.

माझी मुलगी पाचवीपासून बारामतीच्या नवजोम क्रीडा मंडळाच्या मुलींच्या खो-खो संघात खेळते. मंडळाचे अध्यक्ष तात्याबा घोळवे व प्रशिक्षक रणवरे सर आहेत. संघात बारा मुली आहेत. माझी मुलगी पळतीला चांगली आहे. तालुक्याच्या स्पर्धेत ती तीन मिनिटांच्या वर नाबाद राहिली होती, म्हणजे तेवढा वेळ पाठलाग करणाऱ्या एकाही मुलीचा हात तिला लागला नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे याचा संबंध येतो.

गेल्या दिवाळीत मंडळाला दहा वर्षे झाली म्हणून स्मरणिका काढली. आपल्याकडे स्मरणिका निघते तशीच ती होती. पहिल्या पानावर अध्यक्ष, दुसऱ्या पानावर अध्यक्ष पाहुण्यांबरोबर, मग खताच्या दुकानांच्या आणि पतसंस्थांच्या जाहिराती, आणि अगदी शेवटी ज्यांच्या जिवावर मंडळ चालते त्या मुली. प्रत्येकीचा खेळाच्या गणवेशातला फोटो, वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा, घरचा पत्ता, आवड, स्वप्न आणि फोन नंबर. ज्यांच्या घरी फोन नाही त्यांचा शेजारचा नंबर, पुढे पी.पी. असे लिहून. आमच्या घरी फोन नाही. समोर चाँदभाईंचे सायकलचे दुकान आहे, तिथला नंबर आम्ही शाळेत, दवाखान्यात, पाहुण्यांना, सगळीकडे देतो. तोच छापला होता. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. स्मरणिका बारामतीत वाटली जाणार होती, आणि जळोचीत आमचे घर कोणते हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

नोव्हेंबर महिन्यात रणवरे सरांनी तीच स्मरणिका एसटी स्टँडसमोर इंटरनेट कॅफे चालवणारे अंजुम यांना दिली आणि मंडळाचे पान जगात कुठूनही दिसेल असे करून घेतले. फोन नंबर व पत्ते कशाला टाकायचे, असे अंजुम यांनी विचारले होते, असे त्यांनी मला काल स्वतः सांगितले. सर म्हणाले, "स्मरणिकेत हाय तसंच्या तसं टाक. कानामात्रा इकडचा तिकडं नको, तात्या चिडतील." त्यामुळे तसंच्या तसं टाकण्यात आले.

इंटरनेट म्हणजे टीव्हीसारखे काही आहे का, असे मला येथे विचारण्यात आले. मला त्यातले फारसे कळत नाही. मी एकदाच पाहिले. टीव्हीवर दिसलेले निघून जाते, हे निघून जात नाही, कोणीही कधीही उघडून बसू शकतो आणि कोण बघून गेला ते आपल्याला कळत नाही, एवढे मला कळले. अध्यक्षांना तेवढेही कळलेले नसावे. या पानाचे उद्घाटन येत्या सव्वीस जानेवारीला पाहुण्यांच्या हस्ते ठेवले आहे. फीत कापल्याशिवाय ते उघडत नाही अशी त्यांची समजूत आहे.

त्या पानाच्या खाली बघणाऱ्यांनी अभिप्राय लिहायची सोय आहे. परगावचे, परदेशातले लोक तिथे शाबासकी लिहू लागले, तसे सर शनिवारी सरावानंतर मुलींना चार-चार करून कॅफेत नेऊ लागले. "उत्तर देत चला पोरींनो, मंडळाचं नाव होतंय," असे ते सांगत. कोणाला उत्तर द्यायचे आणि कोणाला नाही, हे काही सांगितले नाही. माझी मुलगी दोन बोटांनी टाइप करायला शिकली त्याचा मला अभिमान वाटला होता.

अभिप्राय लिहिणाऱ्यांत विक्रांत सर असे नाव सांगणारा एक इसम होता. आपण राज्याच्या निवड समितीचे काम बघतो, असे त्याने लिहिले. सरांनी ते सर्व मुलींना मोठ्याने वाचून दाखवले आणि अध्यक्षांनाही दाखवले. निवड समितीत या नावाचे कोणी आहे का, हे दोघांपैकी एकानेही विचारले नाही. माझ्या अंगणवाडीत मूल ज्याने आणून सोडले त्याच्याशिवाय मी ते कोणाच्या हाती देत नाही, सख्खा मामा आला तरी. मला यासाठी कोणी स्मरणिकेत छापलेले नाही.

पुढे त्या इसमाचे चाँदभाईंच्या दुकानावर फोन येऊ लागले. शेजारच्या फोनची रीत अशी आहे की फोन आला की दुकानातून हाक मारायची आणि ज्याचा असेल त्याने पळत जायचे. समोरचा कोण, काय काम, अशा चौकशा करणे बरे दिसत नाही. चाँदभाई किंवा त्यांच्या पत्नी जरिनाभाभी हाक मारीत आणि मुलगी जाई. क्रीडा संघटनेचा साहेब बोलतो, असे तो सांगत असे. जरिनाभाभींना उलट कौतुकच वाटे. शेजारधर्म पाळणाऱ्या त्या दोघांचा यात काडीचाही दोष नाही, हे माझ्या शब्दांत लिहावे.

फोनवर तो इसम मुलीला सांगत असे की राज्याच्या शिबिरात एकच जागा आहे, ती तुझी आहे, मात्र कोणाजवळ बोलू नकोस, बाकीच्या मुली जळतील आणि घरचे मोडता घालतील. त्याला तिची जन्मतारीख माहीत होती. आवड माहीत होती. भारताकडून खेळायचे हे तिचे स्वप्न आहे, हेही माहीत होते, कारण ते फोटोखाली छापलेच होते. मुलीला वाटले, एवढे सगळे माहीत आहे म्हणजे माणूस वरचाच असणार. शिबिराच्या कपड्यांसाठी म्हणून त्याने तिला काही विचारले. काय विचारले ते तिने मला रविवारी रात्री कानात सांगितले. ते मी येथे पुरुषमंडळींसमोर बोलणार नाही. बाई अंमलदार असतील तर त्यांना सांगेन. नाहीत, असे उत्तर मिळाले.

रविवारी, १९ तारखेला, इंदापूर येथे स्पर्धा होती. मुली सकाळी लासुर्ण्यावरून जाणाऱ्या एसटीने सरांबरोबर गेल्या. मी जेवणाचा डबा व बिस्किटाचा पुडा दिला होता. दुपारी सामना जिंकल्यावर मैदानावर अध्यक्षांच्या सत्काराची गडबड सुरू झाली. सामना मुलींनी जिंकला होता, सत्कार अध्यक्षांचा होता. त्या वेळी तो इसम मैदानाच्या फाटकापाशी आला. चाळिशीचा, पांढरा सफारी, हातात फाइल. त्याने मुलीला खुणेने बोलावले. मुलगी एकदम गेली नाही. ती आधी सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, निवड समितीचे साहेब आल्यात, बोलावत्यात. जाऊ का?" सर अध्यक्षांच्या डोक्याला फेटा बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "जा की. पाया पड आन् लौकर ये."

सरांनी असे काही म्हटल्याचा पुरावा काय, असे मला विचारण्यात आले. एका मुलीने ते शेजारी उभे राहून ऐकले आहे. तिचे नाव मी देणार नाही. नाव देऊ नका, असे तिच्या आईने काल माझ्या पाया पडून सांगितले आहे. दुसरा पुरावा पुढे येतो.

फाटकाबाहेर जीप उभी होती. शिबिराच्या कागदावर रस्त्यावरच्या ऑफिसात सही करायची आहे, अर्ध्या तासात परत सोडतो, असे सांगून त्याने मुलीला जीपमध्ये बसवले. सरांनी जा म्हटले होते, म्हणून ती बसली. जीप पुणे रस्त्याला लागली. ऑफिस काही येईना. वाटेत तो म्हणाला, "शिबिरात तुझी चढाई अजून सुधारून घेऊ." चढाई कबड्डीत असते. खो-खोत चढाई नसते. मुलीच्या तेव्हा लक्षात आले की ह्याला खेळ माहीत नाही, ह्याला फक्त ती माहीत आहे.

तिने रडारड केली नाही. पळसदेवच्या अलीकडे रस्त्याचे काम चालले होते, तिथे जीप थांबली. तिने दार उघडले आणि पळाली. तो मागे पळाला. त्याला ती सापडली नाही. उसाच्या बांधाने वळणे घेत ती धरणाच्या पाण्याकडे, जिथे बायका मासे निवडत बसल्या होत्या, तिथे गेली. कोणाची ओळख नाही, कोणाचे नाव माहीत नाही. गोजरबाई म्हणून मासे विकणारी बाई आहे, तिच्या पाठीमागे जाऊन ती बसली.

पुढचे मला गोजरबाईंनी स्वतः सांगितले. त्या म्हणाल्या, "पळून दमल्यालं येगळं आन् भ्यालेलं येगळं. मला कळतंय की. म्या तिला कडंच्या माझ्या घरात घातली आन् मासं चिरायची विळी घिऊन उंबऱ्यात बसले." थोड्या वेळाने तो इसम तिथे आला. म्हणाला, माझी भाची आहे, रुसून पळाली, घरचे काळजीत आहेत. गोजरबाईंनी विचारले, भाचीचे नाव काय? त्याने पूर्ण नाव सांगितले. वय? जन्मतारखेसकट सांगितले. शाळा? सांगितली. गाव, घर, सगळे न अडखळता सांगितले. गोजरबाई मला म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू बाई, माझा हात विळीवरनं निघाला व्हता. परक्याला एवढं कसं म्हाईत असंल? उठून आत हाक मारणार, तवर मनात आलं, मामा हाय तर भनीचं नाव इचारावं. इचारलं, आईचं नाव काय रं पोरीच्या?"

त्या इसमाला माझे नाव सांगता आले नाही.

स्मरणिकेत मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव होते, आडनाव होते, अध्यक्षांच्या वडिलांचेसुद्धा नाव होते. आईचे नाव कोणाही मुलीच्या पुढे नव्हते. त्यामुळे ते त्या पानावर गेले नाही, त्यामुळे त्याला ते माहीत नव्हते. तो ताई, अक्का असे काहीतरी पुटपुटला. गोजरबाईंनी विळी उचलली आणि इतर बायकांना हाक मारली. तो निघून गेला. जीप बराच वेळ रस्त्यावर उभी होती, मग ती भिगवणकडे गेली. गाडीचा नंबर बायकांनी घेतला नाही. त्यांना तो वाचता येत नाही, म्हणून त्यांच्याविषयी येथे जे हसण्यात आले ते मी ऐकले आहे.

गोजरबाई मुलीला हायवेवरच्या फोन बूथवर घेऊन गेल्या. मुलीला एकच नंबर पाठ होता, चाँदभाईंच्या दुकानाचा. जरिनाभाभींनी फोन घेतला आणि मला हाक मारली. मी चाँदभाईंच्या एम-एटीवर मागे बसून पळसदेवला गेले. परपुरुषाच्या गाडीवर मागे बसून गेले म्हणून गावात आता बोलले जात आहे, तेही लिहून घ्यावे, म्हणजे बोलणाऱ्यांची सोय होईल. मुलगी गोजरबाईंच्या घरात चुलीपाशी बसली होती. मला बघून ती उठली नाही. डबा मैदानावर राहिला, एवढेच म्हणाली.

त्या वेळेपर्यंत मंडळाच्या लोकांना बारापैकी एक मुलगी नाही हे कळलेले नव्हते. परतीच्या एसटीत मुली मोजल्या, तेव्हा कळले. तेव्हाही सरांनी पोलिसांना नव्हे, अध्यक्षांना फोन केला.

काल सोमवारी सकाळी मी चाँदभाईंना बरोबर घेऊन मंडळाच्या मैदानावर गेले. सरांना विचारले, "सर, पोरीला जा म्हणाला का न्हाय?" सर म्हणाले, "म्हणालो, पर मला काय ठावं त्यो कोण हाय ते?" हे चाँदभाईंनी ऐकले आहे, हा तो दुसरा पुरावा. इतक्यात अध्यक्ष आले. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हापासून सर असे काही बोललोच नाही म्हणतात.

अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, पोरगी आपल्या पायानं जीपमदी बसली. आमी काय उचलून बसवली का? घरी वळण लावा." मी म्हणाले, "तात्या, बसली ती आपल्या पायानं, सुटली बी आपल्या पायानं. तुमचा पाय कुठं व्हता?" ते चिडले. म्हणाले, "तुमाला संघात घेतलं, वर आणलं, त्याची ही फेड व्हय?" तुमाला म्हणजे कोणाला, असे मी विचारले. ते मैदानाकडे बघू लागले. चाँदभाईही माझ्याकडे न बघता सायकलींच्या गोष्टी बोलू लागले. आमच्या भागात या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना माहीत असते, म्हणून कोणी देत नाही.

मी एकच मागितले. ते पान बंद करा. बाराही मुलींचे फोटो, पत्ते आणि फोन नंबर काढा. आजच्या आज. अध्यक्ष म्हणाले, "सव्वीस जानेवारीला उद्घाटन हाय, पावणं ठरलंय, पत्रिका छापायला गेली. आता पान काढलं तर मंडळाचं नाक जाईल." जाताना म्हणाले, तुमची मुलगी संघातून कमी केली आहे, मंडळाची बदनामी नको. पान तसेच आहे. त्या पानावर माझी मुलगी अजूनही संघात आहे.

तिथून मी कॅफेत गेले. अंजुम यांनी मला खुर्ची दिली आणि ते पान उघडून दाखवले. माझ्या मुलीचा फोटो एकदम दिसला नाही. तो वरून खाली हळूहळू उतरत होता. आधी केस, मग कपाळ, मग डोळे, मग गणवेश, मग गुडघे. त्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मी अंजुम यांना म्हणाले, बंद करा. ते म्हणाले, "काकू, तात्यांनी सांगितल्याबिगर मी हात लावला तर दुकान हितं ठिवत्याल का माझं?" त्यांनी पान छापून मात्र दिले. तो कागद मी हजर करीत आहे.

सदर कागदाला बारा भोके का आहेत, असे विचारण्यात आले. बाराही मुलींचे फोटो आणि नावे मी घरी कात्रीने कापून काढली आणि चुलीत घातली. ठाण्यात वर्तमानपत्रवाले येऊन बसतात, ते मी बाहेर बाकावर बसल्याबसल्या पाहिले आहे. उरलेल्या कागदावर मंडळाचे नाव, अध्यक्षांचा फोटो आणि त्या इसमाचे अभिप्राय शाबूत आहेत. तपासाला तेवढे पुरेसे आहे. पुराव्याची नासधूस केल्याबद्दल माझ्यावरच गुन्हा होऊ शकतो, असे मला ऐकवण्यात आले. करावा.

काल संध्याकाळी चाँदभाईंच्या दुकानात परत फोन आला. जरिनाभाभींनी घेतला. तो म्हणाला, "पोरगी चांगली पळते. घर कुठंय ते मला माहितीय, सांगा तिला." आणि ठेवला. जरिनाभाभींनी त्याला अस्सल शिव्या दिल्या, पण त्या ठेवलेल्या फोनला दिल्या. काल रात्री चाँदभाई आमच्या घरावर नजर ठेवायला दुकानाला कुलूप न लावता आतच झोपले. मी भीती वाटते असे सांगायला आलेले नाही. भीती वाटते, ती माझ्या घरी वाटते. इथे मला राग आला आहे. तो माणूस मोकळा आहे, पान उघडे आहे, अजून अकरा घरांचे पत्ते त्यावर आहेत, त्यातल्या आठ घरी शेजारचा फोन आहे, आणि एक घर सोडले तर बाकीच्या घरांत अजून कोणी काही सांगितलेले नाही. रविवारी रात्रीच मी आले होते. साहेब बंदोबस्ताला गेलेत, असे सांगून मला परत पाठवले होते. त्या रात्रीही पान उघडेच होते.

मुलीचे काही प्रकरण होते काय, असे मला दोनदा विचारण्यात आले. माझे उत्तर: तिचे प्रकरण खो-खोशी आहे, दुसरे नाही. हे उत्तर दोनदा लिहावे.

पतींनी तिचा गणवेश आणि बूट पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावले आहे. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना दुसरे काही सुचले नाही. किल्ली माझ्याकडे आहे. त्या माणसाला तुम्ही पकडले आणि ते पान बंद झाले की मी पेटी उघडणार आहे, आणि मुलगी पळणार आहे, या मंडळात नाही तर दुसऱ्या. माझी तक्रार त्या इसमाविरुद्ध आहे, आणि रणवरे सर व अध्यक्षांविरुद्धही आहे. अध्यक्षांचे नाव वगळले तर बरे, असे मला समजावण्यात आले. वगळू नये.

आता मुलीचे नाव. नाव न लिहिता जबाब पुरा होत नाही, असे हवालदारसाहेब म्हणतात. "नावच न्हाय तर गुन्हा कुणाबाबत घडला म्हणायचा बाई?" असे ते म्हणाले. त्याबद्दल माझे म्हणणे असे की हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवले. सासऱ्यांचे स्वतःचे नाव कचरू होते. छप्पन साली त्यांनी धर्म बदलला, नाव बदलायचे राहिले, कागदोपत्री मरेपर्यंत ते कचरूच होते. नात झाली तेव्हा तिचे नाव त्यांनी आठवडाभर शोधले. बारशाला ते म्हणाले होते, "कुणीबी हाक मारू दे, पोरीनं ताठ मानेनं वळून बघितलं पायजे, असं नाव हाय ह्ये." काल संध्याकाळी त्या फोननंतर सुमितने अंगणातून तिला सहज हाक मारली, तर ती पलंगाखाली गेली. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, "आई, शाळेत नाव बदलून मिळतं का?"

तिला मी काही उत्तर दिले नाही. इथे देते. नाव बदलणार नाही. ते मी न्यायाधीशांच्या समोर, बंद खोलीत, त्यांच्या कानात सांगेन. माझे नाव वर पहिल्याच ओळीत दिलेले आहे. ते त्या इसमाला अजून माहीत नाही. न्यायला कोणी आले तर आधी आईचे नाव विचारायचे, असे मी काल मुलीला आणि सुमितला शिकवले आहे, तेव्हा माझे नाव या ठाण्याच्या बाहेर जाऊ नये.

हा जबाब मला एकदा वाचून दाखवला, तेव्हा त्यात "ओळखीच्या इसमासोबत निघून गेली" असे लिहिलेले निघाले. मी असे बोललेले नाही. ते खोडून घेतले, खोडल्या जागी सही केली आणि कागद माझ्या हातात मागून घेऊन पुन्हा स्वतः वाचला. यात माझे नाव आहे आणि माझ्या मुलीचे नाव कोठेही नाही, याची ओळीओळीवरून बोट फिरवून मी खात्री केली आहे. बरोबर आहे.

सही: केसरबाई भानुदास लोंढे